वसईच्या घंटांसाठी एक फलक : पुरातत्त्व खात्यास खुले पत्र

प्रति,
वसई किल्ल्याच्या जतनाची जबाबदारी सांभाळणारे पुरातत्त्व खात्यातील अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

वसईचा किल्ला हे केंद्र सरकारने संरक्षित केलेले राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक आहे आणि १९५८च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्यामुळे त्याच्या भिंतीत आम्हा गावकऱ्यांना परवानगीवाचून एक खिळाही ठोकता येत नाही. हे योग्यच आहे, कारण प्रत्येकाने आपापल्या श्रद्धेची एकेक खूण तेथे उभी केली असती, तर आज मूळ किल्ला शोधावा लागला असता. म्हणूनच जे काम आम्ही आपल्या हाताने करू शकत नाही आणि करू नये, ते आपण करावे अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. विनंती एवढीच आहे की किल्ल्यातील सेंट जोसेफ कॅथेड्रलच्या मनोऱ्यापाशी एक मराठी फलक असावा आणि या किल्ल्यातल्या चर्चच्या घंटा कुठे गेल्या, हे त्यावर साध्या शब्दांत लिहिलेले असावे.

ही मागणी माझ्या मनात कशी रुजली, हे सांगण्यासाठी मला माझ्या आजोबांबद्दल लिहिले पाहिजे.

आजोबांची वसईत केळीची आणि पानवेलीची वाडी होती. वाडीच्या कामाबरोबरच तीस वर्षे त्यांनी आमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) चर्चची घंटा वाजवली. पहाटे, दुपारी बारा वाजता आणि तिन्हीसांजेला देवदूताच्या प्रार्थनेची घंटा होते. आधी तीन, मग थोडे थांबून पुन्हा तीन, पुन्हा थांबून तीन, आणि मग सलग. त्या मधल्या थांबण्यात ‘नमो मरिये’ ही मरियामातेची प्रार्थना एकदा म्हणून व्हावी एवढाच वेळ असतो आणि आजोबा तो घड्याळावर मोजत नसत, ओठांवर मोजत. धर्मग्रामात कोणी वारले की तीच घंटा संथ, एकेक टोल सुटा ठेवून वाजवावी लागे, आणि तो आवाज आला की वाडीत पाणी देणारी माणसे हातातले काम तसेच सोडून क्रुसाची खूण करीत. दोराने त्यांच्या तळहातावर अंगठ्याच्या मुळाशी एक घट्टा पडला होता. लहानपणी मी तो बोटाने दाबून पाहत असे आणि तो दगडासारखा लागे.

दरवर्षी एकदा तरी ते आम्हा नातवंडांना किल्ल्यात नेत. किल्लाबंदरला जाणारा रस्ता किल्ल्याच्या पोटातूनच जातो, त्यामुळे आम्हाला तेथे जाण्याचे अप्रूप नव्हते. अप्रूप होते ते आजोबांच्या थांबण्याचे. ते तटबंदीपाशी थांबत नसत, भुई दरवाजा किंवा दर्या दरवाजा दाखवत नसत. फ्रान्सिस्कन चर्चमधल्या थडग्यांच्या पोर्तुगीज अक्षरांवरून आम्ही पाय टाकू नये म्हणून तेवढे सांगत आणि थेट सेंट जोसेफच्या मनोऱ्याखाली जाऊन उभे राहत. हे चर्च १५४६ साली उभे राहिले आणि १६०१मध्ये पुन्हा मोठे करून बांधले गेले. छत केव्हाच गेले आहे, पण मनोरा उभा आहे. आजोबा मान वर करून त्या रिकाम्या कमानींकडे पाहत आणि म्हणत, “हे घर आहे, पण घरात माणूस नाही.” घरात आम्ही सामवेदी ही वसईकडची बोली बोलतो, त्यांचे शब्द येथे मी प्रमाण मराठीत लिहीत आहे आणि त्यात त्यांचा गोडवा थोडा उणावतो याची मला जाणीव आहे.

माणूस म्हणजे घंटा, हे मला पुढे कळले.

इतिहास आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे, म्हणून तो थोडक्यातच लिहिते. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाशी झालेल्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे आली आणि पुढची दोनशे वर्षे ती त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी होती. १७३७मध्ये वसईच्या दक्षिणेचे साष्टी बेट मराठ्यांच्या हाती आले. १७३९च्या उन्हाळ्यात वसईचा वेढा सुरू होता, सुरुंगांनी बुरूज उडाले, दोन्हीकडची मिळून हजारो माणसे मेली आणि मे महिन्यात किल्ला चिमाजी आप्पांच्या स्वाधीन झाला. पोर्तुगिजांना मानाने बाहेर पडू दिले गेले. त्यानंतर इथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून घाटावर नेण्यात आल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळात एक आहे, तिच्यावर १७२१ हे साल आहे. भीमाशंकरला एक आहे. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर, नाना फडणवीसांच्या वाड्यामागे एक आहे. ती १७०७ सालची, पंचधातूची, आणि तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरियामाता कोरलेली आहे.

१९८६च्या मे महिन्यात आजोबा मला आणि माझ्या धाकट्या भावाला घेऊन मेणवलीला गेले. तेव्हा ते सत्तरीला टेकले होते आणि वसई सोडून घाटावर जाण्याची त्यांची ती पहिलीच वेळ होती. आजीने केळीच्या पानात भाकरी आणि सुकटाची चटणी बांधून दिली. दादरहून एस.टी.ने आम्ही वाईला उतरलो आणि उन्हात मेणवलीपर्यंत चालत गेलो. घाटावर बायका धुणी धूत होत्या. दगडी बांधणीच्या एका छोट्याशा घुमटीत घंटा टांगलेली होती, मला वाटली होती त्यापेक्षा कितीतरी मोठी, आणि तिचा काठ माझ्या मनगटाहून जाड होता. आजोबांनी टोपी काढली. त्यांनी तिला वाजवले नाही. उलट्या बोटाच्या पेराने काठावर हलकेच एकदा ठोकले आणि लगेच कान लावला. मग मला जवळ घेऊन माझाही कान लावला. आवाज असा नव्हताच. धातूच्या आत खोलवर कोणीतरी गुणगुणावे तशी एक थरथर होती आणि ती बराच वेळ विझत नव्हती.

मग त्यांनी मरियामातेची आकृती शोधली. झिजून ती गुळगुळीत झाली होती, पण आईच्या कुशीतले बाळ ओळखू येत होते. आणि तिच्या कपाळाच्या जागी कोणीतरी हळदकुंकू लावले होते.

आजोबा त्या कुंकवाकडे बघत उभे राहिले. धुण्याचा पिळा खांद्यावर टाकून घाट चढणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी आम्हाला पाहिले आणि विचारले, “कुठनं आलासा, बाबा?” आजोबांनी वसईचे नाव सांगितले. बाई थांबल्या, हातातली बादली खाली ठेवली आणि म्हणाल्या, “मग ही तुमच्याच गावची की! बघा, तिच्या म्हायेरचं माणूस आलं.” त्यांनी आम्हाला घरी नेऊन ताक दिले. आजोबांनी आणलेली सुकेळी, म्हणजे आमच्याकडची वाळवलेली केळी, त्यांच्या हातावर ठेवली. परतीच्या प्रवासात वाई मागे पडेपर्यंत आजोबा एक शब्द बोलले नाहीत.

महोदय, ‘माहेर’ हा शब्द त्या बाईंच्या तोंडून आला म्हणून तो आमच्या घरात राहिला. पण मी त्याच्या गोडव्यात वाहून जाऊ इच्छित नाही, कारण लेक सासरी जाते ती आशीर्वाद घेऊन, आणि या घंटा तशा गेलेल्या नाहीत. त्या लुटीत गेल्या. त्याच वेळी हेही लिहिले पाहिजे की ज्या सत्तेने त्या घंटा येथे आणल्या, त्या सत्तेच्या काळात वसईच्या मुलखातली देवळे पाडली गेली आणि धर्मांतरासाठी दबाव आणला गेला. माझ्या पूर्वजांच्या कपाळावर बाप्तिस्म्याचे पाणी पडले तेव्हा त्यांच्या मनात श्रद्धा किती होती आणि भीती किती, हे आज कोणी सांगू शकत नाही. ती श्रद्धा पुढच्या पिढ्यांनी आपली केली, राज्य बदलल्यावरही सोडली नाही, आणि म्हणूनच ती आज माझी आहे. परंतु आमच्या घंटा नेल्या एवढेच सांगून त्याआधीचे न सांगणे हे ख्रिस्ती माणसाला शोभणारे नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ काढण्याआधी आपल्या डोळ्यातले मुसळ काढण्याची आज्ञा आम्हालाच दिलेली आहे.

यावरून आमच्या घरात मोठा वाद झालेला मला आठवतो. माझे एक काका शिकलेले, वाचणारे आणि मनाने सरळ होते. मेणवलीहून आम्ही परतल्यानंतरच्या रविवारी, मिस्सा आटोपून सगळे जेवायला बसले असता ते म्हणाले की घंटा परत मागितल्या पाहिजेत, त्यासाठी अर्ज केला पाहिजे. त्यांनी बायबलचाच आधार घेतला. नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमच्या मंदिरातली पात्रे लुटून बाबिलोनला नेली, पण कोरेश राजाने ती मोजून परत दिली. एज्राच्या पुस्तकात त्यांची संख्यासुद्धा दिली आहे, सोन्यारुप्याची ५,४०० पात्रे. मग वसईने आपल्या वस्तू का मागू नयेत, असा त्यांचा प्रश्न होता, आणि आजही मला तो प्रश्न चुकीचा वाटत नाही.

आजोबांनी जेवण होईपर्यंत उत्तर दिले नाही. हात धुऊन आल्यावर त्यांनी काकांना बायबलमधले यिर्मया संदेष्ट्याचे पुस्तक काढायला सांगितले. बाबिलोनला पकडून नेलेल्या लोकांना संदेष्ट्याने पत्र पाठवले आहे: तेथे घरे बांधा, मळे लावा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या हितासाठी देवाजवळ प्रार्थना करा. आजोबा म्हणाले, “माणसांना जे सांगितले तेच या घंटांनी केले. बाबिलोनच्या बेलशस्सर राजाने मंदिराच्या त्याच पात्रांतून दारू प्यायली म्हणून त्याचा न्याय लिहिणारा हात भिंतीवर उमटला. इथे कोणी दारू प्यायले नाही. अडीचशे वर्षे त्यांनी लोकांना देवाच्या दारात बोलावले आहे. घंटेचे काम तेच असते. ज्या बाईने मरियेला कुंकू लावले तिने तिला कोणाची तरी आई म्हणून ओळखले, आणि त्यात तिचे काही चुकले नाही.” काका म्हणाले, “पण देव वेगळा.” आजोबांनी थोडा विचार केला आणि एवढेच म्हटले, “ते देवाला ठरवू दे. मला त्या बाईने ताक दिले.”

या उत्तराने काकांचे समाधान झाले नाही आणि धर्मशास्त्राच्या जाणकारालाही ते अपुरे वाटेल. मी माझ्या श्रद्धेत ठाम आहे. सर्व प्रार्थना एकच असे म्हणून प्रश्न मिटवणे मला जमत नाही आणि तसे म्हणणे दोन्ही धर्मांच्या भाविकांवर अन्याय करणारे आहे असे मला वाटते. पण पौलाने करिंथकरांना लिहिलेले एक वाक्य माझ्या मनात या घंटांशी कायमचे जोडले गेले आहे. माणसांच्या आणि देवदूतांच्या भाषा बोलता आल्या आणि प्रीती नसली, तर मी केवळ वाजणारे पितळ आहे, असे तो स्वतःविषयी म्हणतो. घंटा परत आणून त्या मनोऱ्यात टांगली आणि त्यापायी मेणवलीच्या घाटावर कोणाच्या डोळ्यात पाणी आले, तर वसईला मिळेल ते नुसते वाजणारे पितळ. म्हणून आमच्या घराने घंटा परत मागितल्या नाहीत, आणि हे पत्रही त्या मागत नाही. कोणी या पत्राचा तसा अर्थ लावू नये.

याच किल्ल्याच्या नगरात जन्मलेल्या गोन्सालो गार्सिया यांची आठवण येथे करावीशी वाटते, कारण तेही वसईहून गेले आणि परतले नाहीत. व्यापारासाठी जपानला गेलेला हा तरुण तेथली भाषा इतकी शिकला की फ्रान्सिस्कन संघात गेल्यावर तो त्यांचा दुभाषा झाला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला पंचवीस सोबत्यांसह त्याला क्रुसावर चढवण्यात आले. १८६२मध्ये त्यांना संतपद मिळाले. भारतात जन्मलेले ते पहिले संत. आजोबा म्हणत की वसईचे जे बाहेर जाते ते तिथली भाषा शिकते. घंटांनीही आरतीची भाषा शिकून घेतली, असे त्यांना म्हणायचे असावे.

पुढे पतीच्या नोकरीमुळे मी काही वर्षे नाशिकला राहिले. नारोशंकराची घंटा पाहायला मी पहिल्याच आठवड्यात गेले. गोदाकाठी त्या देवळाच्या तटावर ती उंच टांगलेली असल्यामुळे हात पोहोचण्याचा प्रश्न नव्हता. खालीच उभी राहून मी तीन, तीन, तीन अशा मोजणीने मनातल्या मनात प्रार्थना म्हटली. आजोबा तेव्हा नव्हते. त्यांच्या मरणाच्या दिवशी आमच्या चर्चची घंटा माझ्या भावाने वाजवली होती आणि टोलांमधले अंतर त्याला साधत नव्हते. आजीने ओट्यावरून ऐकले आणि रडता रडता म्हणाली, “घाई करतोय. त्याला सांगा, मध्ये नमो मरिये म्हण.”

माझ्या मुलीला घेऊन आम्ही अलीकडे किल्ल्यात गेलो तेव्हा मनोऱ्याखाली उभे राहून तिने विचारले की इथे वर काय होते. मी तिला सांगितले. आमच्या शेजारी मुलांचा एक घोळका आलेला होता. मेणवलीचे नाव ऐकून त्यांतली दोन मुले जवळ आली आणि त्यांतला एक चटकन म्हणाला की तो वाईचाच, मामाच्या गावाला वसईला आला आहे, आणि ती घंटा त्याने पाहिली आहे. त्याला आणि माझ्या मुलीला मग एकमेकांशी बोलायला विषय मिळाला. त्याच क्षणी मला फलकाची गोष्ट सुचली. ज्याच्या आजोबांनी त्याला सांगितले नाही, त्यालाही हे कळायला हवे. किल्ल्यात येणारा माणूस वेढ्याची गोष्ट ऐकून जातो आणि मेणवलीला जाणारा माणूस घंटा पाहून येतो. या दोन माणसांना एकमेकांची ओळख करून देणारे काहीतरी असावे, आणि ते मराठीत असावे, कारण घंटा नेणारे आणि घंटा गमावणारे दोघेही आज मराठीच बोलतात.

फलकाचा मजकूर कसा असावा याचा एक खर्डा मी केला आहे, तो असा: “या किल्ल्यातील चर्चच्या मनोऱ्यांत घंटा होत्या. पोर्तुगीज अमलात या मुलखातील देवळे पाडली गेली. मे १७३९मध्ये चिमाजी आप्पांच्या सैन्याने दीर्घ लढाईनंतर वसई जिंकली आणि येथील घंटा विजयचिन्हे म्हणून नेण्यात आल्या. मेणवलीचा कृष्णाघाट, नाशिकचे नारोशंकराचे मंदिर आणि भीमाशंकर येथे वसईच्या मोहिमेतील घंटा आजही जपलेल्या आहेत. त्या जपणाऱ्यांचे वसई आभार मानते.”

शेवटचे वाक्य सरकारी फलकावर बसणार नाही असे आपल्याला वाटेल याची मला कल्पना आहे. ते काढावे लागले तर काढा; पण देवळे पाडल्याचे वाक्य आणि घंटा नेल्याचे वाक्य ही दोन्ही राहू द्या, एक ठेवून दुसरे गाळू नका. इतिहासाच्या तपशिलात माझी चूक असेल तर आपल्या अभ्यासकांनी ती दुरुस्त करावी. फलक भिंतीला न लावता जमिनीत वेगळ्या खांबावर उभा करता येईल, म्हणजे मूळ दगडाला धक्का लागणार नाही. मेणवलीच्या आणि नाशिकच्या जागांची देखभाल करणाऱ्यांना विचारून तेथेही वसईचा उल्लेख असलेला एखादा फलक करता आला तर मला आनंद होईल, मात्र तो त्यांच्या खुशीचा प्रश्न आहे. आमच्या धर्मग्रामातील लोकांशी मी बोलले आहे. खर्चाचा वाटा उचलायला ते तयार आहेत आणि कोणाचेही नाव फलकावर यावे अशी कोणाचीच अपेक्षा नाही.

फलक लागेल त्या दिवशी मेणवलीच्या त्या बाईंच्या घरच्यांना बोलवायचे माझ्या मनात आहे. त्यांचे घर मला आठवते. घाटावरून वर गेल्यावर उजव्या हाताला, दारात तुळस होती. बाई आता नसतील, पण घरात कोणीतरी असेलच. आजोबांच्या वाडीतली सुकेळी आजही होतात.

आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली नम्र,
वसईच्या एका घंटा वाजवणाऱ्याची नात